निबंधस्पर्धा आणि इन्साफ : मुक्ता साळवे ते दहिवली

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. पुढे घाट असतो, म्हणून बऱ्याच गाड्यांना तिथे मागून जादा इंजिने लावतात. प्रवासी तेवढ्यात वडापाव घेतात. आम्ही मात्र त्या दिवशी तिथेच उतरलो आणि उल्हास नदीच्या काठच्या दहिवलीत गेलो. तालुक्यातील शाळांच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. विषय साधा होता : 'आमच्या गावची वाट'. साठेक निबंध आले होते. पावसाळा नुकताच सरला होता, भात पिवळे पडू लागले होते, आणि शाळेच्या एका खोलीत चहाच्या कपांबरोबर निबंधांचा तो गठ्ठा आमच्यासमोर आणून ठेवण्यात आला.

त्या खोलीत आमच्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगणारच आहोत. परंतु तिचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण विद्यार्थ्याचा निबंध कोणी, कसा आणि कोणत्या मापाने जोखावा हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. त्याला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या सर्वांनाच शिकण्यासारखे बरेच आहे.

पेशवाईत पुण्यात श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जात असे. दूरदूरचे ब्राह्मण जमत, विद्वानांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. योग्यता पाहिली जाई हे खरे. पण परीक्षेला कोणी बसायचे हे जन्मानेच ठरलेले होते. १८१८ नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्या निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सोबतच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतील काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहरात मोठी खळबळ माजली. तरीही दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठीत लिहिणाऱ्याला लेखनाच्या गुणावर बक्षीस मिळण्याची ही एक मोठी सुरुवात होती, असे म्हणावे लागेल.

परंतु दार उघडणे वेगळे आणि आत बसलेल्या माणसांची नजर बदलणे वेगळे. १८५५ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि या कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते पसंत केले नाही. पुढे फुल्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. नाटकात भोळ्या कुणब्याला फसवणारा जोशी होता, आणि निकाल देणाऱ्यांत त्याच वर्गाची माणसे होती. ज्याच्याविषयी लिहिले तोच परीक्षक! ते नाटक छापून लोकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. एका नापसंतीची किंमत सव्वाशे वर्षे, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्याच १८५५ सालची दुसरी गोष्ट. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' या पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला गेला. ज्यांना वेद वाचण्याची मनाई आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल या मुलीने त्यात केला. पेशवाईत तिच्या लोकांवर झालेले जुलूम तिने सांगितले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगितले. शाळेत जाऊन तिला तीनेक वर्षेच झाली होती.

आता कल्पना करावी, की हाच निबंध एखाद्या स्पर्धेत गेला असता तर काय झाले असते? एका परीक्षकाने म्हटले असते, विषय भडक आहे. दुसऱ्याने म्हटले असते, भाषा संयत नाही. तिसऱ्याने शुद्धलेखनाला लाल शाई लावली असती. आणि चौथ्याने, हा आम्हाला सर्वांत धोकादायक वाटतो, म्हटले असते, मांगाची पोर असून बरे लिहिले, देऊन टाका उत्तेजनार्थ! सुदैवाने तो निबंध गुणांसाठी लिहिलेला नव्हता. तो छापला गेला आणि वाचला गेला. मराठी दलित साहित्याचा इतिहास लिहिणारे आज त्याच्यापासून सुरुवात करतात.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांसमोर मोकळेपणाने ठेवली पाहिजे. फुल्यांच्या शाळांचा विषय निघाला की आपण लगेच उस्मान शेख आणि फातिमा शेख यांची नावे घेतो. घ्यावीतच. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल अशी काळजी आहे. एवढा उल्लेखही केवढा बोलका आहे! परंतु पुष्कळदा आपण तेवढ्यावर थांबत नाही. तिच्या चरित्रात प्रसंग घालतो, संवाद घालतो, तारखा घालतो. आपल्या माणसाला दोन गुण जास्त देण्याचाच हा प्रकार आहे. कागदावर जे आहे ते पूर्ण मानाने सांगावे आणि त्याहून जास्त भरू नये, हाही इन्साफच होय. कारण भरलेले जेव्हा उघडे पडते तेव्हा जे खरे होते त्यावरही लोक संशय घेतात.

तिसरे उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची मराठी राज्याशी तुलना केली आणि इंग्रजी राज्याला कमी लेखले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद ठेवली. याच ग्रँटसाहेबांना रानड्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका इतकी आवडली होती, की त्यांनी ती नमुना म्हणून विलायतेला पाठवली, असेही रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. विद्यार्थी एकच, परीक्षकही एकच. बुद्धीची पारख त्या साहेबाला होती. पण मत न रुचताच त्याच्या हातातला तराजू हलला. ग्रँट वाईट मनुष्य नव्हता. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. वाईट परीक्षकापासून सावध राहणे सोपे असते. चांगल्या परीक्षकाच्या हातून होणारा अन्याय त्याला स्वतःलाही दिसत नाही.

तराजू हलू नये म्हणून माणसाने काय काय केले, हे पाहायचे तर चीनकडे पाहावे. तिथे सरकारी नोकरांची निवड शतकानुशतके लेखी परीक्षेने होई. सुंग राजवटीत उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकण्याची पद्धत रूढ झाली. तरी अक्षर ओळखता येई. मग कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेऊ लागले आणि परीक्षकाला ती नक्कलच वाचायला मिळे. १०५७ सालच्या परीक्षेत ओउयांग श्यू हे मुख्य परीक्षक होते. एक निबंध त्यांना फार आवडला. तो आपलाच शिष्य चंग कुंग याचा असावा असे त्यांना वाटले, आणि आपल्या माणसाला पहिले स्थान दिले असा बोल लागू नये म्हणून त्यांनी तो निबंध दुसरा लावला. नाव उघडल्यावर कळले, की निबंध सू शी या तरुणाचा होता, जो पुढे चीनचा थोर कवी झाला. पाहा, नाव झाकलेले, अक्षर झाकलेले, परीक्षक प्रामाणिक, आणि तरीही अन्याय! कारण परीक्षकाच्या मनात नाव होतेच. पक्षपात टाळण्याच्या धडपडीनेच तिथे पक्षपात केला.

विसाव्या शतकात या गोष्टी मोजून पाहण्यात आल्या. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या नकला अनेक शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एका उत्तरपत्रिकेला कोणी ६४ गुण दिले तर कोणी ९८. दुसरीला कोणी ५० दिले तर कोणी ९७. सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ची हार्टोग समिती त्यांचीच. त्यांनी १९३५ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर इंग्लंडमधील एका प्रयोगाची हकिकत छापली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांनी तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षानंतर त्याच परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. चौदा जणांनी दोन्ही वेळा काम पुरे केले. म्हणजे एकंदर २१० निकाल. त्यांपैकी ९२ निकाल बदलले! पास झालेला नापास, नापास झालेला पास. इथे तर दोन परीक्षकांचे भांडण नव्हते. तोच मनुष्य, तोच कागद, फक्त दिवस वेगळा.

१९६१ साली अमेरिकेतच आणखी एक मोठा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. त्यांत शिक्षक होते, संपादक होते, वकील होते, व्यापारी होते, विज्ञानाचे प्राध्यापक होते. १ ते ९ अशा नऊ श्रेणी होत्या. ३०० पैकी १०१ निबंधांना कोणा ना कोणाकडून नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. संशोधकांनी मग असे शोधले, की हे वाचक पाच गटांत पडतात. एका गटाला विचार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याला मांडणी. तिसऱ्याला शुद्धलेखन आणि व्याकरण. चौथ्याला शब्दांची निवड. पाचव्याला लिहिणाऱ्याच्या स्वभावाची चव. एकही गट चुकीचा नव्हता. पण आपण कोणत्या गटातले आहोत हे वाचकांना ठाऊक नव्हते. प्रत्येकाला वाटत होते, की आपण 'चांगला निबंध' शोधतो आहोत.

आता दहिवलीच्या खोलीत परत येऊ.

आम्हीही आपापला 'चांगला निबंध' शोधत होतो. नावे झाकण्याचे कोणाला सुचले नाही. वरच्या कोपऱ्यात मुलाचे नाव, शाळा आणि इयत्ता ठळक अक्षरांत होती. पुष्कळ निबंध मार्गदर्शकातून उतरवलेले होते. त्यांत सूर्य केशरी रंगाची उधळण करीत होता आणि पक्षी किलबिलाट करीत होते. शेवटी दोन निबंध हातात उरले.

पहिला एका मुसलमान मुलीचा. ती फजरच्या अजानला उठते, अम्मी रात्रीचे सालन डब्यात भरते, आणि मग ती व तिची बहीण रुळाच्या कडेने शाळेला निघतात. भाषा स्वच्छ, अक्षर मोत्यासारखे. आमच्यातील दोघे मुसलमान. 'सालन' आणि 'फजर' हे शब्द मराठी निबंधात बिनधास्त आलेले पाहून आमचा ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी आम्ही निबंधात 'अम्मी'ची 'आई' करीत असू आणि 'सालन'ची 'भाजी'. नाही केली तर लाल वर्तुळ पडे. तिसरे परीक्षक सज्जन गृहस्थ. तेही म्हणाले, "मुसलमानाची मुलगी असून किती शुद्ध मराठी लिहिते!" आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसून सोडून दिले. शेख महंमदांपासून सगनभाऊंपर्यंत, आणि सगनभाऊंपासून शाहीर अमर शेखांपर्यंत आमच्या लोकांनी मराठीत केवढे लिहिले-गाइले, ते त्यांना सांगायला हवे होते. पण त्या वेळी ती दया आमच्या सोयीची होती. आम्ही आपुलकीने गुण वाढवले, त्यांनी कौतुकाने वाढवले. बेरीज झाली आणि पहिला क्रमांक ठरला.

दुसरा निबंध एका कातकरी मुलाचा. ण आणि न यांचा गोंधळ, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, दीड पानातच संपलेला. त्याने लिहिले होते, की त्याच्या गावच्या दोन वाटा आहेत. एक शाळेकडे जाते. दुसरी दिवाळीनंतर वीटभट्टीकडे जाते. पहिली वाट पावसात वाहून जाते आणि दुसरी कधीच वाहून जात नाही. भट्टीवर पोचेपर्यंत आई वाटेत काय काय उचलते, धाकट्याला कोण उचलते, आणि शाळेची पिशवी कुठल्या वळणावर घरी परत पाठवली जाते, एवढेच पुढे होते. कुठे तक्रार नाही, उपदेश नाही. आम्ही त्याला उत्तेजनार्थ दिले. शुद्धलेखनासाठी शंभरपैकी पंचवीस गुण ठेवले होते; त्यांतले त्याला चार मिळाले.

निकाल लागला, टाळ्या झाल्या, आम्ही परत आलो. स्मरणिकेत छापण्यासाठी निवडक निबंध आमच्याकडेच होते. पंधरा दिवसांनी मुद्रिते तपासताना ते दोन्ही पुन्हा वाचले. छापलेल्या पानावर अक्षर सारखे होते, शुद्धलेखन आम्हीच सुधारले होते, आणि नावे शेवटी होती. तेव्हा लख्ख दिसले, की पहिला कोणता आहे. मुलीचा निबंध चांगला होता, मनापासून लिहिलेला होता. पण मुलाने जे पाहिले आणि ज्या थोड्या शब्दांत मांडले, त्याची बरोबरी सगळ्या गठ्ठ्यात नव्हती. हार्टोगच्या त्या ९२ निकालांत आमचाही एक मिळवावा लागेल.

काहींनी आमचे समाधान केले, की शुद्धलेखन हा नियमच आहे, त्याला तुम्ही काय करणार? पण नियमांचाही इतिहास असतो. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम साहित्य महामंडळाने १९६२ साली केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्याआधी कितीतरी थोर ग्रंथ वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले. मुक्ता साळवेचा निबंध आजच्या नियमांनी तपासला तर त्याची काय गत होईल? नियम हवेतच, छापखान्यात, कचेरीत त्यांच्यावाचून चालणार नाही. परंतु वर्षातले चार-पाच महिने भट्टीवर काढणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन मोजताना आपण त्याची हजेरी मोजत असतो, त्याचे लेखन नव्हे.

याच्या उलट प्रश्नही प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावतात, तसे गरीब मुलाला मागून चार गुण लावावेत काय? आमचे मत, लावू नयेत. तसे केले तर त्या गृहस्थांच्या 'मुसलमानाची मुलगी असून' या कौतुकात आणि आमच्या दयेत फरक उरणार नाही. त्या मुलाला दयेची गरज नव्हती. त्याचा निबंध दयेवाचूनच पहिला होता. त्याला फक्त नीट वाचणारा हवा होता. आणि त्या मुलीलाही आमच्या आपुलकीची गरज नव्हती. आम्ही तिला फुकटचे गुण देऊन तिने स्वतः कमावलेल्या गुणांची किंमत कमी केली.

पुढच्या वर्षी आम्ही अटी घालूनच गेलो. नावाच्या जागी क्रमांक घातले आणि यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद ठेवली. शब्दांवरून घर ओळखू येतेच, तेव्हा नुसते झाकून भागत नाही, हे ओउयांग श्यूंनी शिकवलेच होते. म्हणून प्रत्येकाने गुणांच्या शेजारी कारण एका ओळीत लिहायचे असे ठरवले. 'छान', 'उत्तम' चालणार नाही. काय छान ते लिहायचे. पहिले दहा निबंध गुण न देता वाचायचे, कारण पहिल्याला लावलेले माप विसाव्याला राहत नाही. गठ्ठा तिघांनी वेगवेगळ्या क्रमाने वाचायचा. शुद्धलेखनाला दहापेक्षा जास्त गुण नाहीत, आणि हे मुलांना आधीच सांगायचे. बोलीतला शब्द, घरातला शब्द ही चूक धरायची नाही. दोघांच्या गुणांत पंधरापेक्षा अधिक फरक पडला तर सरासरी काढून मोकळे व्हायचे नाही. तो निबंध मोठ्याने वाचायचा आणि वाद घालायचा. आणि शेवटचे पाच निबंध एक रात्र जाऊ देऊन सकाळी पुन्हा वाचायचे. वेळ दुप्पट लागला. चहाही दुप्पट लागला. चुका थांबल्या असे आम्ही म्हणणार नाही, पण आता त्या कागदावर दिसतात आणि म्हणून त्यांच्यावर बोलता येते.

साक्ष स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, ही शिकवण आपण घराघरांत ऐकलेली आहे. ती कोर्टकचेरीसाठीच आहे असे आपल्याला वाटते. निबंधाच्या कोपऱ्यात आकडा लिहिणे हीही साक्षच आहे. फार तर एका पुस्तकाचे आणि पेनाचे बक्षीस असते, एवढ्याने काय बिघडते, असे म्हणणारे आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलाला त्या आकड्यातून एवढेच कळते, की आपण जे पाहिले ते सांगण्याजोगे होते की नव्हते.

त्या मुलाला आम्ही पत्र लिहिले. त्याचा निबंध आम्हाला पहिला वाटतो, तो ओळखायला आम्हाला उशीर झाला, आणि त्यात कोणत्या तीन गोष्टी आम्हाला आजवर माहीत नव्हत्या, असे पानभर लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवले. महिन्याने त्याच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. दिवाळी होऊन गेली होती आणि घरची माणसे भट्टीवर गेली होती. पत्र त्यांनी हजेरीपटात ठेवले होते, त्याच्या नावासमोरच्या पानात. तो आला की देतो, म्हणाले.